दोन गारपगारी

भर दुपारी आभाळ पिवळं पडलं, तेव्हा मी वासराला आत घ्यायला गोठ्याकडे धावले. सकाळी चांगलं कडक ऊन होतं. फाल्गुनात आमच्याकडच्या आभाळाचा काही भरवसा नसतो. सकाळी धुणं वाळत घालावं आणि दुपारी तेच धुणं गोळा करायला पळावं. पण त्या दिवशीचा ढग साधा नव्हता. काळ्या ढगाला मी कधी भ्याले नाही. काळा ढग पाणी ओततो आणि आपल्या वाटेनं जातो. ह्याचं बूड हिरवट होतं, आणि तो गडगडत नव्हता, शेजारच्या घरात कुणी जातं ओढत असावं तसा घरघरत होता. गारेचा ढग असाच बोलतो. मी गारपगाऱ्याची लेक आणि गारपगाऱ्याचीच सून, मला ते कुणी शिकवायला नको होतं.

गारपगारी म्हणजे कोण, हे आता सांगावं लागतं. तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गारेचा ढग आला की सगळं गाव दारं लावून आत बसायचं, आणि एकच माणूस मात्र घराबाहेर पडायचा. उघड्या डोक्यानं, अनवाणी, शिवारात मोकळ्या जागी उभं राहायचं, गळ्यातली शिंगी, शिंगाची छोटी पुंगी, फुंकायची, आभाळाला हात जोडायचे, विनवायचं, प्रसंगी शिव्याही घालायच्या, पण ढग सरकेपर्यंत जागा सोडायची नाही. त्याच्यासोबत कुणी जायचं नाही आणि त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही, अशी रीत. गार टळली की सुगीत घराघरातून सूपभर गहू, आणि मारुतीपुढे मान. आम्ही नाथ. हे काम आमच्यात बापाकडून लेकाकडे जायचं आणि सोयरिकीही आपसातच व्हायच्या. माझे बाबा, सोनाजी नाथ, धामणदरीचे गारपगारी होते. माझं सासर खैरखेडला. दोन गावांच्या मध्ये एक बोडकी टेकडी, बस.

खैरखेडचं काम खरं तर माझ्या चुलत सासऱ्यांचं. ते मागल्या पावसाळ्यात वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ते काम त्यांच्या धाकट्या भावाकडे, माझ्या सासऱ्यांकडे आलं. मामाजींचं नाव देवमन. जन्मभर म्हशी राखलेला, खाली मान घालून चालणारा माणूस. गावानं त्यांना नारळ दिला, शिंगी गळ्यात घातली, आणि त्यांनीही ती घालून घेतली. नको म्हणायची सोयच नव्हती.

तर त्या दुपारी सासूनं त्यांना कुंकू लावलं, ते उंबरा ओलांडून गेले, सासूनं दार लावलं. वासरू बाहेर राहिलं होतं म्हणून मी मागच्या दारानं गेले. तोवर कौलांवर पहिल्या गारा वाजायला लागल्या होत्या. बोरांएवढ्या होत्या, बघता बघता आवळ्याएवढ्या झाल्या. मी वासराला ओढत गोठ्यात घेतलं आणि त्याला बांधायला कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या भुशाच्या, खोलीत वळले.

मामाजी तिथे होते. कुटाराच्या ढिगाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी कान झाकून बसले होते. शिंगी मांडीवर पडली होती. वासरू ओरडलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं.  मी वासरू तिथेच सोडून आत पळाले.

गार थांबल्यावर शिवार बघायला जायची कुणात हिंमत नव्हती. गहू कापणीला आलेला होता, हरभरा घाट्यांनी लदलेला होता. सगळं मातीत निजलं होतं. बांधावर साळुंक्या मरून पडल्या होत्या. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे टेकडीपलीकडे धामणदरीला काहीच झालं नव्हतं. तिथे नुसता सडा शिंपावा तेवढं पाणी पडलं, अशी बातमी दिवेलागणीच्या आत आली. बातमी आणणारा वर हेही म्हणाला की धामणदरीच्या लोकांनी सोनाजी नाथाला वाजतगाजत मारुतीपर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पारावर जमलं. आम्ही बायका बाजूच्या भिंतीशी उभ्या होतो. उकंडराव पाटलांनी मामाजींना विचारलं, तू कुठे उभा होतास. मामाजी म्हणाले, ओढ्याच्या वरल्या अंगाला. मग गार थांबली का नाही, असं पाटलांनी विचारलं. मामाजींनी जमिनीकडे बघतच उत्तर दिलं.

"म्या आडवली होती, पाटील," ते म्हणाले. "थांबली होती. टेकडीवरून मांगून कोनंतरी रेटली."

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. टेकडीवर कोण उभं राहतं हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. सगळ्या पाराची तोंडं एकदम माझ्याकडे वळली. ज्या बायकांबरोबर मी कालपर्यंत पाण्याला जात होते, त्या दोन पावलं बाजूला सरकल्या. कुणीतरी म्हणालं, सापाची पोर घरात ठेवून दुधाची आशा कशाला करता.

आता तुम्ही म्हणाल, मी बोलले का नाही. बोलून काय झालं असतं? लग्नाला वर्ष झालं नव्हतं. कालच्या सुनेनं उठून सगळ्या गावासमोर सासऱ्याला खोटं पाडलं तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, आणि ठेवलाच तर तिला त्या घरात पाणी कोण देणार. माझा नवरा पुंजाराम माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि स्वतःच्या पायाचे अंगठे बघत होता. मला इतकं एकटं आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही. आणि तरी त्या माणसाच्या कुटारातल्या चेहऱ्याची मला दयाच येत होती, त्या दयेचा मला अधिक राग आला.

पारावर ठरलं ते असं. मी माहेरी जायचं, बापाला घेऊन यायचं. त्यानं चारचौघांत सांगायचं की सोयऱ्याच्या गावावर गार का ढकलली. मग गाव ठरवील मला नांदवायचं की नाही. घरी आल्यावर मामाजी माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "बापाले घेऊन ये. तोवर..." आणि पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. सासूनं पदरानं डोळे पुसले आणि ते पूर्ण केलं. "तोवर इकडं येऊ नको, गिरजा. म्या तरी काय करू?"

मी एकटीच टेकडी चढले. झुडपांच्या सावलीत अजून गारांचे पुंजके होते, वितळून एकमेकांना चिकटलेले. माथ्यावर उभं राहिलं की दोन्ही गावं दिसतात. डावीकडे उभा पिवळा गहू, उजवीकडे चिखल. मधली रेघ इतकी सरळ होती की एखाद्यानं मुद्दाम ओढली म्हणावं. पुढे पुष्कळ वर्षांनी नातवानं मला पुस्तकातून समजावलं, की गरम हवा वर चढते, पाण्याचा थेंब उंच जाऊन गोठतो, खाली येतो, पुन्हा वर फेकला जातो, आणि जड झाला की पडतो, आणि गारेचा पट्टा असाच अरुंद असतो. मी म्हटलं, बरं. पण त्या दिवशी ती रेघ माझ्या संसारातून गेली होती, आणि तिला कुणीतरी धनी पाहिजे होता.

बाबा ओसरीवर पडून होते. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून त्या घरात मी आणि ते, आणि माझ्या लग्नानंतर ते एकटेच. उशाशी गावानं दिलेलं नवं धोतर आणि नारळ तसाच ठेवलेला. डोक्याला फडकं गुंडाळलेलं होतं, एक डोळा सुजून मिटला होता, खांद्यावर काळेनिळे डाग. गार टेकडीवरून पुढे जाताना त्यांना झोडपून गेली होती.

"काहून आली?" त्यांनी विचारलं. नंतर माझा चेहरा पाहिला आणि उठून बसले.

मी सगळं सांगितलं. पारावरचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आणि मग, जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते कुटारातलंही सांगितलं.  मला वाटत होतं ते चिडतील, इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, नावानं बोटं मोडतील. मला ते हवंच होतं. मी त्यांना म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर सांगा की तो घरात लपला होता, मी पाहिलं म्हणून सांगा, होऊ दे काय व्हायचं ते.

"मंग?" बाबा म्हणाले. "मंग तू कुठी राहशीन?"

मी म्हटलं, इथेच, तुमच्याजवळ.

 ते भाकरी टाक म्हणाले. जेवताना मी त्यांना खरंच विचारलं, बाबा, गार तुम्ही ढकलली का. ते हसले, म्हणजे अर्ध्या चेहऱ्यानं हसले, कारण उरलेला सुजला होता. म्हणाले, "ढग टेकडीले आपटते अन् त्याले वाटीन तिकडं जाते. मी त्याले म्हनतो, बापा, माहं गाव सोड. कुठी जाय, हे म्या कधी सांगतलं नाही." मग तुम्ही उभे कशाला राहता, असं मी विचारलं. तर म्हणाले, घराघरात माणसं दार लावून भिऊन बसलेली असतात, बाहेर आपला कुणीतरी आहे एवढं त्यांना पुरतं.

सकाळी ते नवं धोतर न नेसता जुनंच नेसले. टेकडी उतरताना मला म्हणाले, मी काहीही बोललो तरी तू तोंड उघडायचं नाही. मी हो म्हटलं. ते काय बोलणार हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्यांना टेकडीवरूनच परत फिरवलं असतं.

पार गच्च भरला होता. बाबांना कुणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मामाजी पाटलांच्या मागे खांबाला धरून उभे होते. पाटलांनी सरळच विचारलं, सोयऱ्याच्या गावाचा घास का काढलास.

"पाटील, माह्या पोरीचा काही दोष नाही," बाबा म्हणाले. "गार रेटाले मानूस आभायाखाली उभा तं पाह्यजे. मी उभाच नव्हतो."

पारावर कुजबुज झाली.

"मंग कुठी होता?"

"घरी. कुटारात. कान झाकून बसलो होतो."

मी मामाजींकडे पाहिलं. खांबावरचा त्यांचा हात सुटला होता. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली, ती पुन्हा वर केलीच नाही.

"भेव वाटलं," बाबा पुढे म्हणाले. "वय झालं, पाटील. असा ढग म्या पाह्यला नव्हता. शिंगी मांडीवर ठेवली अन् डोये मिटून बसलो. माह्या गावावरून गार गेली ते टेकडीच्या कृपेनं. लोकायनं मले नारळ देल्ला, म्या घेतला. नाही म्हनाची लाज वाटली."

मागून एक जण ओरडला, मग डोक्याला काय झालं. बाबांनी फडक्यावरून हात फिरवला. "पयता पयता दाराच्या चौकटीले आपटलो," ते म्हणाले.

पार हसला. पीक गेलेली, रात्रभर न झोपलेली माणसं, पण पोट धरून हसली. एक जण उठून चौकटीवर आपटण्याची नक्कल करायला लागला. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "तुमच्या गावाचा नाथ एकटा उभा होता. त्यानं आडवली म्हून जेवढं राह्यलं तेवढं राह्यलं. त्याले बोल लावू नका. अन् माही पोर नांदू द्या."

पाटलांनी मामाजींना विचारलं, तुझं काय म्हणणं.  मामाजींनी फक्त होकाराची मान हलवली. पाटील म्हणाले, पोरीला घरात घ्या. सासू माझा हात धरून मला घेऊन गेली. वळून पाहिलं तेव्हा बाबा टेकडीकडे चालू लागले होते. त्यांच्यामागे चारदोन माणसं हसत वेशीपर्यंत गेली. पाण्याचा घोटही न घेता ते गेले.

मी नांदले. खोटं कशाला सांगू, मला बाबांचा राग आला होता. माझ्यासाठी त्यांनी एवढं केलं, हे मला कळत होतं, आणि तरी सगळं गाव त्यांना पळपुटा म्हणत असताना त्याच गावाच्या विहिरीवर घागर भरायची, हे मला रोज जड जायचं. धामणदरीच्या लोकांना ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी बाबांचं धोतर परत घेतलं नाही, तेवढी माणुसकी दाखवली, पण सुगीत गव्हाचं सूप कुठल्याच घरातून आलं नाही. सणाला मारुतीपुढे त्यांना कुणी बोलावलं नाही. पोरं त्यांना बघून कान झाकून बसायची नक्कल करायची. इकडे पुंजाराम एकदा जेवताना सहज म्हणाला, तुझा बाप भित्रा निघाला. मी ताटातली भाकरी मोडत राहिले. मामाजी तिथेच होते. ते अर्ध्या जेवणावरून उठून गेले.

मामाजी त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले. मी वाढलेलं खायचे, पण मी समोर आले की बाहेर जायचे. काही हवं असलं तर सासूला सांगायचे आणि सासू मला सांगायची. एका घरात आम्ही दोघंच खरं जाणणारी माणसं, आणि आमच्यातच अवाक्षर नाही. माहेरी जाऊन येते म्हणायची सोय नव्हती. गाव काय म्हणेल, असं सासू म्हणायची. पलीकडे एक म्हातारा एकटा स्वयंपाक करून एकटा जेवत होता, इकडे मी भरल्या घरात गप्प होते, आणि मध्ये ती टेकडी.

पुढल्या फाल्गुनात पुन्हा तसाच ढग आला.

या वेळी तो सावकाश आला. दोन दिवस नुसतं उकडत होतं, वारा पडला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. मग पश्चिमेकडून आभाळ वर चढत आलं, त्याचा माथा पांढराशुभ्र, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा फुगलेला, आणि बूड तेच, हिरवट. लोक दारं लावायला लागले. सासू कुंकवाचा करंडा घेऊन आली तेव्हा मामाजी ओसरीवर बसलेलेच होते, उठेनात. मी दारात उभी होते. माझी नजर नको तरी टेकडीकडे गेली.

टेकडीच्या माथ्यावर माणूस होता. एवढ्या लांबून हातभर काठी दिसावी तेवढाच. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, त्याला कुणी गहू देणार नव्हतं, आणि तो तिथे आहे हे त्याच्या गावाला कळणारही नव्हतं, कारण रीतीप्रमाणे कुणीच तिकडे बघणार नव्हतं. शिंगीचा आवाज वाऱ्यावरून बारीकसा आला. 

मामाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनीही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रुमाल काढून ओसरीवर ठेवला, चपला काढल्या आणि गेले. या वेळी मी गोठ्यात पाहायला गेले नाही. दाराच्या फटीतून ते मला ओढ्याच्या वरल्या अंगाला दिसत होते, वाकडेतिकडे, अंग चोरून उभे, पण उभे. गार सुरू झाली तेव्हा ते एकदा खाली बसले. मी श्वास रोखला. ते उठले.

गार थोडाच वेळ पडली. थोडी आमच्या शिवारात पडली, थोडी तिकडच्या, जास्त टेकडीवरच पडली, आणि मग नुसता पाऊस लागला. पीक वाचलं. गाव मामाजींना न्यायला आलं, नारळ घेऊन, ताशे वाजवत. मामाजींनी दार लावून घेतलं. अंग दुखतंय म्हणून सांगायला लावलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

सकाळी ते मला म्हणाले, "चाल. तुह्या माहेरी जाऊ." वर्षभरात त्यांनी मला उद्देशून उच्चारलेले ते पहिले शब्द.

आम्ही टेकडी चढलो आणि उतरलो.  बाबांच्या दाराशी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. डोक्यावर ताज्या जखमा, ओठ फाटलेला, फडकं बांधायलाही घरात कुणी नव्हतं. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग माझ्यामागे मामाजी दिसले आणि ते धडपडत उठायला लागले.

मामाजी अंगणातच थांबले. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला. कपाळापासून मागे टाळूपर्यंत टेंगळं होती, एका ठिकाणी रक्त सुकलं होतं. ते तसेच उघड्या डोक्यानं बाबांसमोर उभे राहिले.

"इवाई, म्या त्या रोजी..." ते म्हणाले.

बाबांनी त्यांचं डोकं नीट पाहिलं. मग ओसरीवर स्वतः सरकून त्यांच्यासाठी जागा केली.

"बसा इवाई," ते म्हणाले. "पह्यल्यांदा लय लागते."